पाणी पिऊन झालं की पडदा का पडतो?

जयंतीच्या पंधरवड्यात मी तीन नाटकं बघितली. तिन्ही पोरांनी केलेली. एक वसतिगृहातलं, एक शाळेतलं, एक आमच्याच वस्तीतलं. तिन्हींचा विषय महाड. आणि तिन्ही एकाच ठिकाणी संपली. निळा कोट घातलेला पोरगा वाकतो, घमेल्यातलं पाणी ओंजळीत घेतो, पितो. मागं ढोल कडाडतो. जयजयकार होतो. पडदा.

टाळ्या मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. शेजारी बसलेल्या आजीनं पदरानं डोळे पुसले. मग पेढे वाटले आणि लोक घरी गेले.

वस्तीतल्या नाटकात बाबासाहेब झालेला पोरगा सातवीतला. आमच्या अभ्यासिकेत येतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुस्तकं आवरता आवरता त्यानं मला विचारलं, "दादा, पाणी पिल्यावर मग समद्यांना तळ्यावर भरू दिलं का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग कधी?"

"हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ साली. दहा वर्षांनी."

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग आपलं नाटक खोटं व्हतं का?"

मला उत्तर देता आलं नाही. नाटक खोटं नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, त्यांच्यामागं हजारो माणसं प्यायली, हे सूर्याइतकं खरं. तरी पोराला जे फसवल्यासारखं वाटलं तेही खरंच होतं. त्यावरच लिहायचं आहे.

कलेतून इतिहास शिकवावा — हे वाक्य अलीकडं शाळाशाळांतून फार ऐकू येतं. नाटकातून शिकवा, गाण्यातून शिकवा, चित्रातून शिकवा. बोलणारे असं बोलतात की जणू काल-परवाच हा शोध लागलाय. अरे बाबांनो, ज्यांना शाळेच्या ओट्यावर चढू दिलं नाही, त्यांनी इतिहास दुसऱ्या कशातून शिकायचा होता? आमच्या बापजाद्यांकडं पुस्तक नव्हतं, डफ होता. डफ वाजवणाऱ्यांनी जे शिकवलं तेवढं आम्हाला मिळालं.

जोतीराव फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. दक्षिणा प्राइज कमिटीकडं दिलं, कमिटीनं नाकारलं. ते छापून यायला १९७९ साल उजाडलं. आमच्या नाट्यसंमेलनवाल्यांना एवढी वर्षं त्याची आठवण झाली नाही, ते असो. गोष्ट साधी आहे. कुणब्याची बायको गरोदर. जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो आणि नवरा-बायकोला कर्जात घालून ब्राह्मणभोजन उकळतो. पण मला त्यात दोन गोष्टी मोठ्या वाटतात. एक म्हणजे विदूषक. तो मधेमधे येऊन खोचक बोलतो, टोचतो, बघणाऱ्याला सुखानं बघत बसू देत नाही. आणि दुसरी म्हणजे शेवट. शेवटी ते नवरा-बायको जोतीरावांच्या रात्रशाळेत शिकायला निघतात. म्हणजे पडदा पडतो तेव्हा माणूस वर्गाकडं चाललेला असतो. पेढ्याकडं नाही!

पुढं १८६९ ला त्यांनी शिवाजीराजांचा पवाडा लिहिला. पवाडा हा प्रकार गावोगाव सगळ्यांना ठाऊक होता. त्याच साच्यात त्यांनी निराळा इतिहास ओतला — गोब्राह्मणांचा राजा काढून कुळवाड्यांचा राजा आणला. कुणबी, माळी, महार, मांग यांना कळावा म्हणून जड संस्कृत शब्द टाळून लिहिला.

मग सत्यशोधकांचे जलसे, आणि १९३०च्या दशकापासून आंबेडकरी जलसे. भीमराव कर्डकांनी त्यावर पुढं पुस्तकच लिहिलं. जलसेवाल्यांनी तमाशा उचलला आणि आतून बदलला. देवाचा गण गेला, गौळण गेली. बतावणी ठेवली, वग ठेवला, प्रश्नोत्तरं ठेवली. मेलेलं ढोर ओढायचं का, मृतमांस खायचं का, पोरगं शाळेत घालायचं का, देवळात जायचं का — हे विषय. आणि हे कसं मांडायचे? एक जण जुन्या चालीचा, एक जण नव्या विचाराचा. जुना माणूस तावातावानं बोलायचा. त्याच्या तोंडी लोकांच्या मनातलं बोलणं असायचं: वतन सोडलं तर खायचं काय? पाटील गावात राहू देईल का? समोर बसलेल्याला वाटायचं, हा तर माझंच बोलतोय. मग नव्यानं त्याला उत्तर द्यायचं. उत्तर लंगडं पडलं तर लोक हसणार, उठून जाणार. म्हणून उत्तर पक्कं करूनच बोर्डावर उभं राहावं लागायचं.

माझं म्हणणं थोडक्यात असं की जलशाच्या आत विरोधक होता. त्याला तोंड होतं, बुद्धी होती. आमच्या आजच्या नाटकातून आम्ही विरोधकाला हाकलून दिलंय आणि नुसती आरती ठेवलीय. पुतळा नाही, पोरगा उभा आहे, एवढाच फरक.

आता त्या तिन्ही नाटकांत काय नव्हतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे ठराव नव्हता. महाडला लोक अचानक तळ्यावर गेले नाहीत. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव पास करून घेतला, की सरकारी खर्चाची आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. झालं! आणि पुढं तीन वर्षं कोणीही तळ्याकडं फिरकू शकलं नाही. ठराव झाला म्हणून पाणी मिळत नाही, हे गिरणीत काम करणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. पण शाळेतल्या पोराला सांगावं लागतं. कायदा आणि त्याची अंमलबजावणी यांच्यामधे जी मोकळी जागा असते तिथंच तर आम्ही राहतो. ती तीन वर्षं रंगमंचावर दाखवलीच नाहीत, तर बाबासाहेब तळ्यावर का चालत गेले हे पोराला कळणार कुठून?

दुसरं म्हणजे चाळीस रुपये. मार्चच्या त्या परिषदेत जमलेल्या माणसांना प्यायला पाणी हवं होतं. ते सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं, चाळीस रुपयांचं. तळं भरलेलं, समोर, आणि पाणी विकत! ह्याच्यापेक्षा मोठं नाटक कुठल्या नाटककाराला सुचणार आहे? १९२७ चे चाळीस रुपये. एकाही नाटकात हा प्रवेश नाही. त्याऐवजी वसतिगृहाच्या नाटकात पाच मिनिटं एक म्हातारी "पाणी, पाणी" करत लोळत होती. मागं सिनेमातलं रडकं संगीत. म्हातारी बघून दया येते. चाळीस रुपये बघून राग आला असता, आणि हिशेब करावासा वाटला असता.

तिसरं म्हणजे पाणी प्यायल्यानंतरचे तास. अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्या घेऊन जमाव मंडपात शिरला. माणसं जेवत होती, परतीची बांधाबांध करत होती. त्यांना झोडपलं, अन्न मातीत कालवलं. काहींनी मुसलमानांच्या घरात आसरा घेतला. आपली माणसंही चिडली होती, संख्येनं कमी नव्हती. त्यांना उलट हात उचलू न देणं हे बाबासाहेबांचं त्या दिवशीचं सगळ्यात अवघड काम असणार. मग गोमूत्र, शेण, दूध, दही ओतून एकशे आठ घागरींनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. शाळेच्या नाटकात हा शुद्धीचा प्रवेश होता म्हणे, तालमीत काढून टाकला. कुणाच्या भावना दुखावतील म्हणून! शेण तळ्यात टाकलं तेव्हा कोणाच्या भावना दुखावल्या नव्हत्या काय?

आणि चौथं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे डिसेंबर. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. बाबासाहेबांनी २५ डिसेंबरला पुन्हा परिषद बोलावली, ह्या वेळी सत्याग्रहासाठी. जागा कोणी देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जमीन दिली. त्याच्या आधी सनातन्यांनी कोर्टात दावा लावला, की तळं खाजगी मालकीचं आहे. कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम काढला. २५ तारखेला मनुस्मृती जाळली; ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण. आणि मग खरा पेच पडला: मनाई हुकूम मोडून तळ्यावर जायचं का नाही? हजारो माणसं जेलात जायच्या तयारीनं घर सोडून आलेली. नावं नोंदवलेली. जिल्ह्याचा कलेक्टर परिषदेत येऊन बोलला, हुकूम पाळा म्हणाला. आणि शेवटी बाबासाहेबांनी लोकांना सांगितलं की आत्ता नको, आपण कोर्टात लढू. लोकांनी ऐकलं. गावातून मोर्चा काढला, तळ्याच्या कडेनं गेला, पण पाण्याला कोणी हात लावला नाही.

आता विचार करा. मार्चमध्ये ओंजळ भरून प्यायले. डिसेंबरमध्ये त्याच तळ्याच्या काठानं न पिता परतले. यातली मोठी गोष्ट कुठली? मला आजही सांगता येत नाही. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोरापुढं ठेवावी अशी ही गोष्ट आहे, एवढं कळतं. कारण यात पोराला डोकं चालवावं लागतं. रस्त्यावर कधी उतरायचं, कोर्टात कधी जायचं, हा प्रश्न आमच्या चळवळीच्या प्रत्येक बैठकीत आजही येतो आणि आम्ही एकमेकांना गद्दार म्हणून मोकळे होतो.

जाता जाता वेशभूषेबद्दल. कलेतून इतिहास म्हणजे नाटकवाले आधी कपड्यांकडं धावतात. धावा, पण मग नीट धावा. डिसेंबरच्या त्या परिषदेला बायाही आल्या होत्या. बाबासाहेब त्यांच्याशी नेसण्याबद्दल बोलले. गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं लुगडं, अंगावर कथलाचे-पितळेचे जड दागिने — ही जात ओळखू येण्याची खूण आहे, ती टाका, लुगडं घोळदार नेसा. आणि बायांनी लगेच नेसणं बदललं. म्हणजे इथं कपडा हाच इतिहास आहे. एक लुगडं आधी वर खोचलेलं आणि मग घोट्यापर्यंत सोडलेलं, एवढं दाखवलं तरी अर्धा तास भाषण नको. वसतिगृहाच्या नाटकात पोरी भाड्याच्या जरीच्या नऊवारीत, नथ घालून आल्या. लावणीला निघाल्यासारख्या. त्या पोरींचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलंच नाही.

आणि खलनायक. तिन्ही नाटकांत दोन-दोन शेंडीवाले, पोट पुढं काढून खॅ खॅ हसणारे. लोक जाम हसतात. मीही हसलो. पण महाडचा खरा विरोधक असा नव्हता. तो कागद घेऊन कोर्टात गेला. शांतपणे, नियमानं, तळं खाजगी आहे म्हणाला. उलट तळ्याकडं जाणाऱ्यांच्या बाजूनं सुरबानाना टिपणीस होते, अनंतराव चित्रे होते. हे दाखवलं नाही तर पोराच्या डोक्यात काय बसतं? वाईट माणूस म्हणजे शेंडी आणि विकट हास्य. उद्या हा पोरगा स्कॉलरशिपचा फॉर्म घेऊन ऑफिसात जाईल. तिथं पँट-शर्टातला, गोड बोलणारा माणूस त्याची फाईल तीन महिने दाबून ठेवील. पोरगा त्याला ओळखू शकणार नाही. नाटकात असा माणूस त्यानं बघितलेलाच नाही.

वसतिगृहाचं नाटक बसवलेल्या सरांशी मी हे सगळं बोललो. माणूस प्रामाणिक आहे, पदरचे पैसे घालून नाटक बसवतो. ते म्हणाले, "अर्ध्या तासात किती दाखवायचं? ही पोरं कुठल्या-कुठल्या वाड्या-वस्त्यांवरून आलीत. आधी अभिमान तर येऊ द्या. तपशील नंतर."

हे म्हणणं मी उडवून लावणार नाही. मला स्वतःला महाड कळलं ते पुस्तकातून नाही. हळदीच्या मांडवात, कर्ण्यावर लागलेल्या भीमगीतातून. वामनदादा कर्डक २००४ ला गेले, पण आमच्या वस्तीत त्यांचं गाणं लागलं नाही असं लग्न नाही. मला लहानपणी 'चौदार तळं' ऐकू यायचं आणि वाटायचं चार दारांचं तळं असेल, प्रत्येक दाराला कुलूप. ती चार दारं शोधायला म्हणून मी पुढं वाचनालयात गेलो. दारं नव्हती. कुलूप होतं.

म्हणजे गाण्यानं मला तिथवर नेलं, हे कबूल. पण सरांचा 'नंतर' कधी येतो? मी तरी बघितला नाही. पुढच्या एप्रिलला तेच घमेलं, तोच कोट, फक्त ढोलाच्या जागी डीजे. पोरगा दहावी होईपर्यंत महाड चार वेळा पितो आणि १९२३ त्याला ठाऊक नसतं. अभिमान फुगतो. पण कोणी समोरून विचारलं, "तळं खाजगी होतं, मग तुम्ही घुसलात कशाला?", तर त्याच्याकडं घोषणेशिवाय उत्तर नाही. तीच गोष्ट कॅलेंडरवरच्या चित्राची. एकटे बाबासाहेब, वाकलेले, ओंजळ. मागची हजारो माणसं चित्रकारानं पुसून टाकलीत. मग चित्र बघणारा पोरगा म्हणतो, ते मोठे होते, त्यांनी केलं, आपण नमस्कार करू.

हे जमत नाही असं नाही. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक २०१२ साली आलं. कल्पना संभाजी भगतांची, लेखन राजकुमार तांगडे, दिग्दर्शन नंदू माधव. नटांमधे जालन्याकडचे शेतकरी. यम शिवाजीराजांना न्यायला येतो, राजे विचारांसकट आपला जिरेटोप देतात, तो हरवतो, आणि कोणाच्या डोक्यावर बसतो ते शोधायला यम भीमनगरात फिरतो. हसून हसून पोट दुखतं. पण शेवटाकडं शाहिरांचे दोन फड समोरासमोर उभे राहतात आणि सवाल-जवाब होतो. राजा कुणाचा? त्याच्याबरोबर कोण होतं? समोरचा फड काही गाढवांचा नाही. त्याचा सवाल आला की थिएटरात शांतता होते, आता हे काय उत्तर देणार म्हणून. उत्तर येतं ते इतिहासातल्या नावांनी आणि कामांनी. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी जोतीरावांनी पवाड्यातून जे केलं त्याचीच ही पुढची पायरी. आमच्या पोरांची नाटकं बसवणाऱ्यांनी ह्या शेवटाचा अभ्यास करायला हवा. टोपाचा विनोद उचलू नका, सवाल-जवाब उचला.

आम्ही अभ्यासिकेत आता आमचं नाटक पुन्हा बांधतोय. बारा पोरं आहेत, बोर्ड नाही, पडदा नाही. सुरुवात नगरपालिकेच्या बैठकीनं होते. एक पोरगा सपाट आवाजात १९२४ चा ठराव वाचतो. मग सगळे जागच्या जागी थांबतात आणि कोणी काही करत नाही. एक पोरगी मोजते: चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. बघणारे चुळबुळ करतात. तीच हवी आहे. मग चाळीस रुपयांचा प्रवेश. खरे सुटे पैसे वापरतो, एकेक नाणं परातीत टाकतो, आवाज येऊ देतो. पाणी पिण्याचा प्रवेश मधेच येतो, लहानसा, ढोल नाही. आणि डिसेंबरच्या प्रवेशाला आम्ही संवाद लिहिलेच नाहीत. पोरं दोन बाजूंना बसतात आणि वाद घालतात — मनाई हुकूम मोडायचा का पाळायचा. पहिल्या तालमीला नुसता गोंधळ झाला. दुसरीला आठवीतली एक पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, "घर सोडून आलेल्या माणसाला न पिता घरी पाठवायचं तर त्याला कारण द्यायला पायजे. 'बाबासाहेब म्हणाले' हे कारण न्हाई. बाबासाहेबांनी तरी कारण दिलंच आसंल की." तिच्या समोरच्या बाजूला तिचाच भाऊ. त्याला बोलता येईना. तो रात्री माझ्याकडून पुस्तक घेऊन गेला.

कोर्टाचा प्रवेश अजून बसत नाही. दहा वर्षं दाखवायची कशी? एकाच पोराला एकावर एक मोठे सदरे घालत जायचे, शेवटचा माझा, अशी एक कल्पना निघाली. १७ मार्च १९३७ ची तारीख आली की तो त्या सदऱ्यात बुडालेला असेल.

सातवीतला तो पोरगा ह्या वेळी बाबासाहेब व्हायला तयार नाही. त्याला समोरच्या बाजूचा वकील व्हायचंय. "त्याला बोलायला लई हाये, दादा," म्हणतो. त्याची भाषणं अजून लिहून व्हायची आहेत. चांगली तगडी लिहावी लागतील. रविवारी माझी पाळी सुटली की आम्ही दोघं बसणार आहोत.